अर्धा आटा

“चालू करू नगा, ढकलत आणा. मला इंजिन गार पायजे,” असं दस्तगीर मिस्त्रींनी आदल्या दिवशी बजावलं होतं. म्हणून त्या रविवारी सकाळी मी माझी बासष्ट सालची बुलेट ढकलत जयसिंगपूरच्या बाजारपेठेतून चाललो होतो. मी तिथे वजनमापे निरीक्षक होतो. वर्षभरात ज्यांचे ज्यांचे तराजू मी जप्त केले होते, ते सगळे दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. गाडीला हात लावायला एकही पुढे आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

उदगाव रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रींचं गॅरेज होतं. पासष्टीचा माणूस, अंगाने काटक, डोक्याला जाळीची टोपी. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी एका वैद्यासारखी चौकशी केली. धूर कधी येतो, चालू केल्या केल्या की चढाला? रंग काळा की निळसर? ऑइल किती खाते? मी सांगितलं, धूर निळा आहे आणि दोन्ही वेळा येतो, आणि जोतिबाच्या चढाला तर गाडीने मला उतरून चालायला लावलं. त्यांनी मान हलवली, किक मारली, आणि लांब पेचकसाचं टोक सिलिंडरला लावून मूठ कानाशी धरली.

“ऐकताय न्हवं? दोन आवाज हायत. एक जाड, एक बारीक.”

मला एकच आवाज ऐकू येत होता. पाच-सात मिनिटं त्यांनी इंजिन तसंच चालू ठेवलं. मग मला पेचकस दिला आणि परत ऐकायला लावलं. जाड आवाज गेला होता. तो पिस्टनचा, ते म्हणाले. सिलिंडरचा बोअर झिजलाय, गार असताना पिस्टन आत डुलतोय, तापला की फुगतो आणि गप बसतो. बारीक आवाज मात्र तसाच होता, म्हणजे वरचं व्हॉल्व्हचं कामही झिजलेलं. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. प्लग काढून त्यांनी त्या भोकातून दोन चमचे ऑइल आत सोडलं, प्लग लावला आणि किक हाताने हळूहळू दाबून बघितली. मघापेक्षा ती जड लागत होती, पण पुरती जड नव्हती.

“ऑइलनं पिस्टनच्या रिंगांची फट बुजली, म्हणून जोर आला. पण सगळा न्हाई आला. उरलेला वॉलमधनं जातोय. साहेब, वरचा मजला सगळा उघडाय लागंल.”

मग त्यांनी आपला नियम सांगितला. इंजिन उघडं असताना मालकाने समोर बसलं पाहिजे. तरुणपणी कुणीतरी त्यांच्यावर पिस्टन बदलल्याचा आळ घेतला होता, तेव्हापासून मालक समोर असल्याशिवाय ते हेडचा एकही नट सोडत नसत. मला फक्त रविवार मोकळा होता, म्हणून माझं काम रविवारी. शुक्रवारी त्यांचं गॅरेज बंद असायचं.

अशा रीतीने मला सात रविवार मिळाले. मिळाले असंच म्हणतो. वजनमापांचा माणूस गावात कुठे बसत नाही. मी हॉटेलात शिरलो की चहा काठोकाठ भरून येई आणि शेजारच्या बाकावरचं बोलणं बंद पडे. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका यायच्या, पण जेवायला बसलो की माझ्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहायची. बायको, मालती, अकोल्याला शाळेत नोकरीला होती. पाच बदल्यांपर्यंत तिने माझ्या मागोमाग सामान बांधलं, सहाव्या वेळी म्हणाली, या वेळी तुम्ही पुढे व्हा. मी पुढे झालो आणि पुढेच राहिलो. आमच्या पत्रांत आता फक्त गॅस सिलिंडर आणि विम्याचे हप्ते असत. भांडण असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायचं काय तेही कळत नव्हतं.

मिस्त्री मात्र मला घाबरत नव्हते. त्यांच्या दुकानात तराजूच नव्हता. काम करता करता ते प्रत्येक भाग माझ्या हातात देत. पिस्टनच्या अंगावरचे उभे ओरखडे दाखवत, बोअरच्या आतून माझं बोट फिरवून वरच्या बाजूला पडलेली कड दाखवत. इचलकरंजीच्या लेथवरून बोअर करून आणल्यावर त्यांनी नवा पिस्टन आणि रिंगा बसवल्या. एक आख्खा रविवार ते व्हॉल्व्ह हाताने घासत होते, पेस्ट लावून, काडी दोन तळहातांत रवीसारखी फिरवत. नंतर हेडमध्ये रॉकेल ओतून ते व्हॉल्व्हमधून पाझरतं का हे आम्ही दोघं टक लावून बघत बसलो. एक थेंब आला नाही. मधल्या वेळी त्यांची मुलगी बिल्कीस डबा घेऊन यायची. ती उदगावच्या शाळेत शिक्षिका होती. तिसऱ्या रविवारपासून डब्यात माझ्यापुरती भाकरी जास्त येऊ लागली. मालतीबद्दल मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो, ते त्या माणसाशी बोललो, कारण त्यांचं लक्ष व्हॉल्व्हमध्ये असायचं आणि नजर माझ्याकडे नसायची.

शेवटच्या रविवारी टॅपेट लावणं राहिलं होतं. आत फिरणाऱ्या कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दोन पुशरॉड इंजिनाच्या बाजूने वर जातात, त्यांच्या तळाशी टॅपेटचा स्क्रू आणि तो जागेवर धरणारा लॉकनट. एका झाकणाआड सगळा कारभार. मिस्त्री पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवत. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली केसभरही हलता कामा नये. ढिला राहिला तर वाजतो. ताठ राहिला तर वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. याला गेज नाही, ते म्हणाले, याला बोटं. आयुष्यभर मापं तपासलेला मी, पण असं माप मी कधी पाहिलं नव्हतं.

गाडी अशी झाली की पहिल्या किकला उठायची. पुढच्या रविवारी मी ती घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्यापुढे कुणाची तरी राजदूत उघडी होती आणि तिचा मालक बाकावर बसला होता.

“काय झालं गाडीला?” त्यांनी विचारलं.

काही झालं नाही, सहज आलो, असं मी म्हणालो. ते हसले, पण बसा म्हणाले नाहीत. त्यांच्या नियमाला दुसरी बाजू होती, हे मला तेव्हा कळलं. ज्याची गाडी उघडी त्याने बसायचं, इतरांनी नाही. बसणाऱ्यांनी बोलणं वाढतं आणि इंजिन ऐकू येत नाही. मी दोन मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. दिवस कसा काढला ते विचारू नका. चार वाजता मी वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिराती वाचत होतो.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी झाकणाचा नट काढला आणि आतल्या टॅपेटचा स्क्रू अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, ढिला केला. सात आठवडे समोर बसून मला तेवढं येत होतं. गाडी ठकठक वाजायला लागली आणि मी मोठ्या समाधानाने तिच्यावर बसून उदगाव रस्त्याला गेलो. कुंपणानेच शेत खाल्लं. दुसऱ्याच्या मापात खोट आहे का हे बघण्याचा सरकार मला पगार देत होतं, आणि इथे मी स्वतःच खोट घालून मिरवत निघालो होतो.

मिस्त्री चकरावले. लॉकनट त्यांनी स्वतः आवळलेला होता. परत लावून दिला, तासभर मी बसलो, बिल्कीसच्या डब्यातली भाकरी खाल्ली. तीन आठवड्यांनी मी तेच केलं. या वेळी त्यांनी स्क्रूच बदलला. आटे खाल्ले गेले असतील म्हणाले, पण जुना स्क्रू बराच वेळ उजेडात धरून बघत राहिले. त्याचे आटे चांगले आहेत हे मलासुद्धा दिसत होतं.

तिसऱ्या वेळी मला वाटलं, तोच तो आवाज नेला तर संशय येईल. म्हणून मी एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू उलट्या बाजूला फिरवला, थोडासाच, पाव आट्याहून कमी. गाडी चालू केली तर आवाजच नाही. उलट ती आणखी मऊ चालायला लागली. माझी निराशा झाली, कारण न वाजणारी गाडी घेऊन जाणार कुठे? तो स्क्रू मी तसाच विसरलो आणि पंधरा दिवस त्याच गाडीवर तालुकाभर दौरे केले. ताठ टॅपेट वाजत नाही, हे मिस्त्रींनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं त्यांच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून, शिकायला नव्हे.

शिरोळच्या पुढे एका दुपारी गाडीचा जीव गेला. सायलेन्सरमधून फटफट उडायला लागलं आणि किक मारली तर पाय सरळ खाली. रविवारी ढकलत नेली. मिस्त्रींनी किकवर हात ठेवला आणि हेड उतरवलं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बाहेर काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्याची कड एका जागी जळून खाल्ली गेली होती.

“टॅपेट ताठ लागला माझ्याकडनं,” ते म्हणाले. “चाळीस वर्षांत असं झालं न्हवतं.”

तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं. मी तो व्हॉल्व्ह नुसता उलटापालटा करत राहिलो. नवा मागवायला हवा, पुढच्या रविवारी बसवू, असं ते म्हणाले आणि त्या दिवशी भाकरी न खाताच हात धुऊन आत गेले.

बुधवारी बिल्कीस माझ्या ऑफिसात आली. तक्रार घेऊन न आलेलं त्या खुर्चीवर बसलेलं ते पहिलं माणूस. तिने पदर सारखा केला आणि थेट विषयाला हात घातला.

“कुळथे साहेब, अब्बा गॅरेज बंद करताहेत. तुमच्या गाडीनंतर पाना धरणार नाही म्हणतात. दोन गाड्या तशाच परत पाठवल्या त्यांनी.”

मी विचारलं, एका व्हॉल्व्हसाठी? तिने मग सारं सांगितलं. मिस्त्रींना साखरेचा आजार होता. पावसाळ्याआधी डॉक्टरांनी त्यांच्या पायाला टाचणी टोचून कळतं का विचारलं होतं, आणि पुढेमागे हातांच्या बोटांचंही असं होऊ शकतं असं बोलून गेले होते. तेव्हापासून ते रोज सकाळी दोन बोटं एकमेकांवर घासून बघत. तुमचा टॅपेट दोनदा ढिला निघाला तेव्हा ते जेवले नव्हते, ती म्हणाली. आता तर त्यांची खात्रीच झाली. तुमची गाडी झाली की पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी रत्नागिरीहून तिचा भाऊ त्यांना न्यायला येणार होता. तिकडे त्याचं दोन खोल्यांचं घर होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं.

“तुम्ही दर वेळी समोर होता. त्यांचा हात खरंच चुकला का, तेवढं मला सांगा. चुकला असेल तर मी त्यांना अडवणार नाही.”

रविवारी बघून सांगतो, असं मी तिला म्हणालो. ती गेल्यावर मी बराच वेळ टेबलावरचं एक किलोचं प्रमाणित वजन या हातातून त्या हातात करत होतो. खरं बोललो तर त्या गावातलं माझं बसायचं एकमेव ठिकाण जाणार. गप्प राहिलो तरी जाणारच होतं, पण मग मिस्त्रीही जाणार होते, आणि आपली बोटं मेली असं समजून जाणार होते. हिशेब अगदी सोपा होता. तरी तो करायला मला चार दिवस लागले, यावरून माझी लायकी कळावी.

रविवारी मिस्त्रींनी नवा व्हॉल्व्ह घासला, रॉकेल ओतलं, हेड चढवलं. दर नटाला ते दोनदा परत येत होते. टॅपेटपाशी आल्यावर त्यांनी स्क्रू लावला, पुशरॉड फिरवून बघितला, आणि मग बाजूला सरकले.

“साहेब, तुम्ही बघा. तुमचा हात मापाचा हाय. माझ्या बोटांवर माझा इस्वास न्हाई आता.”

मी खाली बसलो आणि दोन बोटांत पुशरॉड धरला. तो तेलातल्यासारखा फिरला आणि वरखाली अजिबात हलला नाही. बरोबर आहे, मी म्हणालो. मन राखायला सांगताय, ते म्हणाले. नाही, खरंच बरोबर आहे. त्यांनी नुसती मान हलवली आणि फडक्याला हात पुसायला लागले. ते हात पुसणं मला बघवेना.

“मिस्त्री, तुमचा हात चुकलेला नाही. टॅपेट मी फिरवले. तिन्ही वेळा.”

ते थांबले. रागवायच्या ऐवजी त्यांनी जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती.

“किती फिरवलं?”

“दोनदा अर्धा अर्धा आटा. ढिला.”

“आन् तिसऱ्या खेपंला?”

“उलटा. पावपेक्षा कमी.”

“एक्झॉस्टचा.”

“हो.”

त्यांनी पाने उचलून माझ्या हातात दिले. “आता फिरवा. मी बघत न्हाई. किती बी फिरवा, कसा बी फिरवा.” आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी स्क्रू पाव आटा ढिला केला. ते वळले, बसले, डोळे मिटून दोन बोटं लावली आणि म्हणाले, पाव आटा, ढिला. मी ताठ केला. ताठ, ते म्हणाले, केसभरच, पण वॉल जाळायला बास. मी परत ढिला केला, परत ताठ केला, प्रत्येक वेळी त्यांनी ओळखलं. एकदा मी पाने नुसते वाजवले आणि स्क्रूला हातच लावला नाही. त्यांनी बोटं लावली आणि डोळे मिटूनच हसले.

“आता कायच केलं न्हाई तुम्ही.”

तेवढ्यात बिल्कीस डबा घेऊन आली होती. बापाचा चेहरा बघून ती दारातच थांबली. मिस्त्रींनी तिला हाक मारली, तिच्यासमोर आणखी दोनदा करून दाखवलं, आणि भावाला फोन करून येऊ नको सांग म्हणाले. पासष्ट वर्षांचा माणूस आपल्या दोन बोटांकडे असा बघत होता की मला तिथे उभं राहवेना. पुढे ते अकरा वर्षं काम करत होते, असं मी नंतर ऐकलं.

बिल्कीस फोन करायला गेली. ती गेल्यावर त्यांनी टॅपेट शेवटचा लावला, लॉकनट आवळला आणि झाकण बसवलं. लाल रंगाचा डबा काढून त्यांनी नटापासून झाकणापर्यंत एक पट्टा ओढला, म्हणजे नट जराही फिरला तर रंग फुटावा. ते करताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“का केलं असं?”

थापा माझ्याकडे पुष्कळ होत्या. पण ते काडी फिरवत असताना जसा मी बोलत असे तसाच बोलून गेलो.

“रविवार जात नव्हता, मिस्त्री. गाडी उघडी असल्याशिवाय तुम्ही बसू देत नव्हता.”

ब्रश डब्यात तसाच राहिला. मला वाटलं आता शिवी येईल, आणि ती यावी असं मला मनापासून वाटत होतं. शिवी घेऊन मला निघता आलं असतं.

“ह्या इंजिनाला आता पंधरा वरसं हात लावाय नगं,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी या. गाडी घरी ठिवून या.”

चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला असं म्हटलं नसावं. मी बरं म्हणालो, किक मारली आणि निघालो.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही, कारण लाज वाटत होती. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो नाही, कारण आधीच्या रविवारी गेलो नव्हतो. मग उशीर इतका झाला की त्याचंही काहीतरी कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हटलं की माझ्या डोक्यात थापाच येत. बिल्कीस एकदा बाजारात भेटली. अब्बा विचारत होते, म्हणाली. येतो म्हणालो.

तीन महिन्यांनी बदलीचा हुकूम आला, ओरोसला. शेवटच्या रविवारी निरोप घ्यायला तरी जावं म्हणून मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सवयीने गाडी काढली. पहिल्या किकला उठली. उदगाव रस्त्याच्या वळणावर शेड दिसायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी गाडी घरी ठेवून यायला सांगितलंय. मी गाडी वळवली, खोलीवर आणली, स्टँडवर लावली. तिथून त्यांचं गॅरेज चालत दहा मिनिटांवर होतं. मी किल्ली खिशात घातली, फाटकापर्यंत गेलो, आणि रिकाम्या हातांनी त्यांच्याकडे जाऊन काय म्हणायचं ते मला सुचेना. मग मी आत जाऊन सामान बांधायला लागलो.